जिथे वशिला चालत नाही : ‘मुस्पिली’ची प्रस्तावना

जर्मन भाषेच्या अगदी आरंभीच्या वाङ्मयात ‘मुस्पिली’ नावाचे एक काव्य आहे. माणूस मेल्यावर त्याच्या आत्म्याचे काय होते, जगाचा शेवट कसा होतो आणि शेवटच्या दिवशी न्यायनिवाडा कसा चालतो, हा त्याचा विषय. आज त्याच्या १०३ ओळी हाती आहेत. आरंभ गहाळ आहे, अखेरही गहाळ आहे आणि कवी अनामिक आहे. एवढ्याशा तुकड्यावर जर्मन अभ्यासकांनी गेली दोनशे वर्षे जो वाद घातला, त्याचा मुख्य प्रश्न साधा आहे : हे एक काव्य आहे, की दोन-तीन काव्यांचे तुकडे कोणीतरी एकत्र शिवले आहेत? हे काव्य पहिल्यांदाच वाचणाऱ्या मराठी वाचकाच्या मनातही हा प्रश्न येणार, म्हणून प्रस्तावनेत तोच हाती घेतला आहे. माझे उत्तर आधीच सांगून टाकतो. काव्याला शिवणी आहेत, त्या लपवण्यात अर्थ नाही. पण सगळ्या शिवणींतून एकच धागा गेला आहे, आणि तो धागा धर्मशास्त्राचा कमी, कोर्टकचेरीचा जास्त आहे.

आधी हे काव्य आपल्यापर्यंत कसे आले ते पाहू, कारण एकसंधपणाच्या वादाचे मूळ काही अंशी तिथेच आहे. साल्झबुर्गचा आर्चबिशप आडालराम (कारकीर्द ८२१ ते ८३६) याने तरुण राजपुत्र लुडविगला एक लॅटिन पोथी भेट दिली. हा लुडविग म्हणजे शार्लमेनचा नातू, पुढे पूर्व फ्रँक राज्याचा राजा झालेला ‘जर्मन लुडविग’. पोथीतला मजकूर संत ऑगस्टीनच्या नावावर खपलेल्या एका प्रवचनाचा, सुबक अक्षरात लिहिलेला. पुढे नवव्या शतकातच कोणीतरी त्या पोथीची कोरी पाने, खालचे समास, एवढेच काय, अर्पणपत्रिकेचे पान धरून जिथे जागा मिळेल तिथे बव्हेरियन बोलीतले हे काव्य उतरवून काढले. अक्षर बेताचे, सराव नसलेल्या हाताचे. राजाला भेट दिलेल्या पोथीत असे गिरगटण्याची हिंमत दुसऱ्या कोणाची होणार, म्हणून हे राजाचेच अक्षर असावे, असा तर्कही एके काळी झाला. पोथी पुढे रेगेन्सबुर्गच्या सांक्त एमेराम मठात होती. आता ती म्युनिकच्या बव्हेरियन राज्य ग्रंथालयात आहे. १८१७ मध्ये या ओळींकडे अभ्यासकांचे लक्ष गेले आणि १८३२ मध्ये योहान आंद्रेआस श्मेलर याने त्या पहिल्यांदा छापल्या. ‘मुस्पिली’ हे नाव त्याचेच. काव्यात एकदाच आलेला हा शब्द त्याने उचलून शीर्षकाला दिला. त्या शब्दाचे नातेवाईक जुन्या सॅक्सन ‘हेलियांद’मध्ये आणि आइसलंडच्या एड्डा वाङ्मयात सापडतात, आणि सगळीकडे त्याचा संबंध जगाच्या अंताशी किंवा आगीशी आहे. त्याच्या व्युत्पत्तीवर ग्रंथच्या ग्रंथ झाले आहेत. इथे एवढे पुरे.

आता काव्यात काय घडते ते क्रमाने सांगतो.

माणसाचा मरणाचा दिवस येतो. आत्मा देह सोडून बाहेर पडतो न पडतो तोच दोन सैन्ये चालून येतात, एक आकाशातल्या ताऱ्यांतून आणि दुसरे नरकाच्या आगीतून. दोघांत त्या आत्म्यासाठी लढाई जुंपते. निकाल लागेपर्यंत आत्म्याने धास्तावून राहायचे. सैतानाच्या लोकांनी तो जिंकला तर आग आणि अंधार. देवदूतांनी जिंकला तर मृत्यू नसलेले जीवन, आजार नसलेले घर. इथे कवी थांबून बजावतो की प्रत्येकाने वेळीच देवाच्या इच्छेप्रमाणे वागावे, कारण नरकात पडल्यावर देवाचा कितीही धावा केला तरी उपयोग नाही.

मग दृश्य बदलते. महान राजा न्यायसभा बोलावतो, आणि त्याचे बोलावणे कोणालाही टाळता येत नाही. लगेच तिसरे दृश्य सुरू होते, आणि तेही ऐकीव बातमीच्या थाटात. कायदा जाणणाऱ्यांकडून मी असे ऐकले, असे सांगून कवी संदेष्टा एलियास आणि अँटीख्रिस्त यांच्या द्वंद्वाची हकीगत देतो. एलियास न्यायाच्या बाजूने लढणार, देव त्याच्या पाठीशी. अँटीख्रिस्त सैतानाच्या बाजूने, आणि हरणार तोच. पण धर्मज्ञांपैकी पुष्कळांचे मत निराळे आहे, असेही कवी नोंदवतो : त्यांच्या मते एलियास जखमी होईल. त्याचे रक्त जमिनीवर ठिबकताच डोंगर पेट घेतात, एकही झाड उभे राहत नाही, नद्या आटतात, दलदल सुकते, आकाश धुमसते, चंद्र खाली कोसळतो, दगडावर दगड राहत नाही. त्यानंतर लाच खाणाऱ्या न्यायाधीशाला एक सणसणीत इशारा आहे. मग स्वर्गीय शिंग वाजते, देवदूत देशोदेशी उडत जाऊन मेलेल्यांना उठवतात, प्रत्येक जण मातीतून उठून आपला देह परत घेतो आणि सभेपुढे उभा राहतो. अखेरीस क्रूस पुढे आणला जातो, ख्रिस्त आपल्या जखमा दाखवतो, आणि तिथेच मजकूर तुटतो.

हा सारांश वाचूनही अडचण लक्षात येईल. न्यायसभेचे बोलावणे निघते, पण सभा भरण्याआधी एलियासची लढाई मध्येच येते. आत्म्याचा निकाल मरणाच्या क्षणीच लागला असेल तर शेवटच्या दिवशी पुन्हा निकाल कशाला? शैलीही एकसारखी नाही. कुठे वीरकाव्याचा दणका, कुठे चर्चमधल्या प्रवचनाचा सूर. वृत्ताची तीच गत. जुन्या जर्मानिक पद्धतीने ओळीचे दोन अर्धे आद्याक्षरांच्या अनुप्रासाने जोडलेले असावेत अशी अपेक्षा. इथे काही ओळींत तो अनुप्रास फसकतो, तर काही ठिकाणी अंत्ययमक डोकावते. वाइसेनबुर्गचा भिक्षू ओटफ्रिड याने याच काळात, ८६३ ते ८७१ च्या दरम्यान, आपले यमकबद्ध सुवार्ताकाव्य पूर्ण केले. ‘मुस्पिली’तली एक ओळ त्याच्या काव्यातही जवळजवळ तशीच आढळते. म्हणजे जुने वृत्त मागे पडत होते, नवे रूढ होत होते, आणि हे काव्य त्या दोहोंच्या सांध्यावर उभे आहे.

विसाव्या शतकातल्या अभ्यासकांनी या अडचणीवर दोन प्रकारचे उपाय केले. गेऑर्ग बेझेके यांनी एलियास आणि जगदाह यांचा भाग, म्हणजे साधारण ३७ ते ६२ या ओळी, वेगळे काव्य म्हणून बाजूला काढला. हेर्मान श्नायडर यांनी हे विभाजन नाकारून काव्य एकसंध कलाकृती असल्याचे मांडले. कोला मिनिस यांनी आणखी निराळी वाट धरली. त्यांनी उपदेशाचे भाग नंतर घुसडलेले मानून काढून टाकले आणि उरलेल्या ओळींतून प्रमाणबद्ध कडव्यांचे एक ‘मूळ’ काव्य उभे केले. १९७७ मध्ये वोल्फगांग मोर आणि वाल्टर हाउग यांचे दोन निबंध एका पुस्तकात आले. त्यातल्या हाउग यांनी आपल्या निबंधाच्या शीर्षकातच साहित्याभ्यासकाच्या हताशपणात दडलेल्या भाग्याचा उल्लेख केला आहे. काव्य जुळत नाही हेच त्याचे वैशिष्ट्य मानून चालले तर काय दिसते, असा त्यांचा रोख. कापाकापीला कंटाळलेल्या क्षेत्रात ही भूमिका ताजी होती. पण तीही माझ्या मते अर्ध्यावर थांबते. न जुळणाऱ्या तुकड्यांना कोणती गोष्ट जोडते, हे पाहायचे राहतेच.

ते पाहायचे तर त्या काळच्या न्यायसभेत जाऊन बसले पाहिजे. बव्हेरियाच्या आठव्या शतकातल्या कायद्यात जमिनीच्या सीमेवरून तंटा झाला, खुणा सापडेनात आणि साक्षींनी निकाल लागेना, तर द्वंद्वाने फैसला करावा अशी तरतूद आहे. शेजारच्या अलेमान लोकांच्या कायद्यात त्याचा विधी तपशिलाने दिला आहे. दोन कुळांत जमिनीच्या हद्दीवरून वाद उभा राहिला की काउंटसमोर दोघांनी आपापली हद्द दाखवायची. वादाच्या जागेतले मातीचे ढेकूळ उचलायचे, त्यात झाडाच्या डहाळ्या खोचायच्या, ते कापडात गुंडाळून मोहोरबंद करायचे आणि सभेच्या दिवसापर्यंत विश्वासू हातात ठेवायचे. त्या दिवशी ते ढेकूळ दोघा लढणाऱ्यांच्या मध्ये ठेवतात. दोघेही आपल्या तलवारी त्याला टेकवतात, देवाला साक्षी ठेवतात आणि लढतात. जिंकेल त्याची जमीन. हरलेल्याने खोटा दावा केला म्हणून दंड भरायचा.

हे डोळ्यांसमोर ठेवून ‘मुस्पिली’ पुन्हा वाचले तर एलियासचे द्वंद्व परके वाटत नाही. कायदा जाणणाऱ्यांचा हवाला कवी उगीच देत नाही. त्यांच्या दृष्टीने ही न्यायाची लढाई आहे, आणि ज्याची बाजू खरी तो जिंकणार हे त्यात गृहीत आहे. धर्मज्ञ मात्र म्हणतात की एलियास जखमी होणार. दोन मतांतली ही तफावत काहींना दोन काव्यांची शिवण वाटली. मला ती काव्याचा कणा वाटते. द्वंद्वाने न्याय मिळतो या श्रोत्यांच्या भरवशालाच कवी तिथे सुरुंग लावतो. खुद्द देवाच्या बाजूने लढणाराही रक्तबंबाळ होतो, आणि त्या रक्ताने वादाची जमीनच पेटते. पुढे कवी विचारतो की ज्या हद्दीसाठी माणूस भाऊबंदांना घेऊन आयुष्यभर भांडला, ती हद्द आता कुठे आहे? बांधावरून डोकी फोडणाऱ्यांना हा प्रश्न समजावून सांगावा लागत नाही. ढेकूळ कापडात बांधून ठेवणाऱ्या समाजात तो किती झोंबला असेल!

इथून काव्याची सगळी रचना उलगडत जाते. कवी एकामागून एक आधार काढून घेतो. पहिल्या दृश्यात आत्म्याच्या स्वतःच्या हाती काहीच नाही. लढणारे दुसरेच आहेत. नरकात पडल्यावर देवाचा धावाही उपयोगाचा नाही. बोलावणे आल्यावर गैरहजर राहण्याची सोय नाही. द्वंद्वावर भिस्त ठेवता येत नाही. जमीन जळून गेली, म्हणजे मालमत्ता संपली. आग आली तेव्हा नातेवाईक नातेवाइकाला मदत करू शकत नाही, म्हणजे कुळाचा आधारही गेला. लाच चालत नाही. शेवटी खोटे बोलण्याची वाटही बंद होते. या क्रमात मदत मिळण्या-न मिळण्याचा उल्लेख ठळकपणे येतो : स्वर्गात घर मिळाले की पुरेशी मदत मिळते, नरकात ओरडले तरी मदत येत नाही आणि जगदाहापुढे नातलग नातलगाला मदत करू शकत नाही. पहिले दोन उल्लेख आत्म्याच्या भागात, तिसरा बेझेके यांनी वेगळ्या काढलेल्या भागात. म्हणजे जिथे काव्य तुटते असे सांगितले गेले, नेमक्या तिथूनच हा धागा पलीकडे गेला आहे. मिनिस यांनी गाळलेल्या उपदेशात नरकातल्या हाकेचा भागही होता. तो गाळला की काव्य सुबक दिसते, पण हा धागा तुटतो.

लाचेच्या ओळींकडे मुद्दाम लक्ष द्यावे. जग जळून खाक झाल्यावर एकदम लाचखाऊ न्यायाधीश कशाला, हा आक्षेप वरवर पाहता बिनतोड आहे. कवी म्हणतो की न्यायसभेला जाणाऱ्याने प्रत्येक गोष्टीचा सचोटीने निवाडा करावा, मग शेवटच्या सभेत त्याला घाबरायचे कारण नाही. लाच घेऊन सत्य झाकणाऱ्या बिचाऱ्याला ठाऊक नसते की सैतान तिथेच न दिसता उभा आहे आणि एकेक गोष्ट मोजून ठेवतो आहे. सभेच्या दिवशी तो ती सगळी बाहेर काढील. शार्लमेनच्या काळापासून राजाज्ञांमध्ये न्यायाधीशांनी भेटी घेऊ नयेत अशी ताकीद वारंवार येते, आणि वारंवार दिलेली ताकीद म्हणजे रोग बरा झाला नसल्याची कबुली. या काव्याचे श्रोते कोण असतील याचा अंदाज इथे येतो. शेतात राबणाऱ्याला लाच घेण्याची संधी कुठली? हे काव्य न्याय करणाऱ्यांना, जमीनजुमला असलेल्यांना, पदरी माणसे बाळगणाऱ्यांना ऐकवण्यासाठी आहे. आज न्यायाधीशाच्या आसनावर बसणाराच उद्या आरोपी म्हणून उभा राहणार, ही उलटापालट काव्याच्या मध्यावर यावी यात मला घोळ दिसत नाही, योजना दिसते.

साक्षीचे दृश्य तर थेट याच सभेच्या रीतीला उत्तर देते. त्या काळी आरोपी शपथ घेऊन सुटू शकत असे. त्याच्या बाजूने शपथ घ्यायला आणखी माणसे उभी राहत, आणि ती बहुधा आप्तस्वकीयच असत. ‘मुस्पिली’च्या सभेत शपथेला कोणी उभे राहत नाही. तिथे हात बोलतो, डोके बोलते, करंगळीपर्यंत प्रत्येक अवयव सांगतो की या माणसाने काय काय केले, कोणाचा खून केला. गरुडपुराण ऐकलेल्या मराठी वाचकाला चित्रगुप्ताची वही आठवेल, पण इथे वही नाही आणि कारकूनही नाही. शपथेसाठी उचलायचा हातच फितूर झाला आहे. नातलग गेले, पैसा गेला, आणि आता माणसाचे स्वतःचे शरीरही त्याच्या बाजूने उरले नाही. आत्मा देहापासून सुटण्याच्या प्रसंगाने सुरू झालेल्या काव्यात देह परत येतो तो विरुद्ध पक्षाचा साक्षीदार होऊन. वेगवेगळे तुकडे नुसते जोडून इतका नेमका मेळ बसेल, हे मला पटत नाही.

मग माणसाने करायचे काय? कवी एकच वाट मोकळी ठेवतो. ज्याने जिवंतपणी दानधर्माने आणि उपवासाने आपल्या अपराधांचे प्रायश्चित्त घेतले असेल, त्याला त्या सभेत भीती नाही. उपदेशाच्या या ओळीही नंतरच्या म्हणून काढून टाकायची सूचना झाली आहे. पण सगळे दरवाजे बंद करत आलेल्या कवीने एकही उघडा ठेवला नाही, तर ऐकणाऱ्याने सुधारायचे कशासाठी? प्रत्येक चित्रानंतर समज देणे हीच या काव्याची चाल आहे. आत्म्यासाठीची लढाई झाली की समज, जगदाह झाला की समज, अवयवांची साक्ष झाली की समज. श्वास घ्यायला थांबावे तसे कवी या जागी थांबतो.

या मांडणीच्या मर्यादाही सांगायला हव्यात. मरणानंतरचा निकाल आणि अंतकाळचा निकाल यांचा मेळ काव्य घालून देत नाही. त्या काळच्या प्रवचनांतही हे दोन विचार शेजारी शेजारी नांदत. धागा मूळ कवीचा, की जुन्या ओळी हाताशी घेऊन नवे काव्य रचणाऱ्या कोणा हुशार भिक्षूचा, हे धाग्यावरून ठरत नाही. मी म्हणतो तो एकसंधपणा हाती असलेल्या १०३ ओळींचा आहे. एका बैठकीत एकानेच लिहिले, असा त्याचा अर्थ नाही. खडबडीत वृत्ताबद्दलही हेच : बेताचे अक्षर असलेल्या लेखनिकाने समासात दाटीवाटीने उतरवलेल्या मजकुरावरून कवीच्या कसबाचा निवाडा करणे अन्यायाचे होईल.

काव्य ज्या राजाच्या पोथीत सापडले त्याच्या घरातली एक नोंद इथे उपयोगी पडते. फुल्डाच्या वार्षिक नोंदींत ८७४ साली लिहिले आहे की लुडविगच्या स्वप्नात त्याचा मेलेला बाप, सम्राट ‘धर्मनिष्ठ’ लुडविग, यातना भोगताना दिसला आणि मला यातून सोडव म्हणून विनवू लागला. घाबरलेल्या राजाने राज्यातल्या मठांना पत्रे पाठवून बापासाठी प्रार्थना करायला सांगितले. हा तोच मुलगा, जो ८३३ मध्ये भावांबरोबर बापाविरुद्ध उभा राहिला होता, ८४१ मध्ये फोंतनुआच्या रणांगणावर सख्ख्या भावाशी लढला आणि ८४३ मध्ये व्हर्दूनला राज्याच्या वाटण्या करून बसला. स्वप्नातल्या बापाला मुलाची मदत हवी आहे आणि मुलगा ती मिळवून देऊ पाहतो. काव्य मात्र अखेरच्या आगीपुढे नातलगाची मदत साफ नाकारते, आणि मृतांसाठीच्या प्रार्थनेचा उरलेल्या ओळींत मागमूस नाही. राजाने हे काव्य वाचले असे म्हणायला पुरावा नाही, आणि माझ्या मुद्द्याला तो लागतही नाही. दोन्ही मजकूर एकाच धास्तीतून आले आहेत : ज्या भाऊबंदांच्या जोरावर आणि ज्यांच्याशी लढून सारे मिळवले, ते तिथे कामी येणार का? राजाच्या स्वप्नाने ‘कदाचित’ असे उत्तर दिले, काव्याने ‘नाही’ असे.

म्हणून वाचकाला एक सुचवावेसे वाटते. पहिल्या वाचनात घटनांचा क्रम जुळवत बसू नका. तो जुळणार नाही आणि जुळवताना रस जाईल. त्याऐवजी प्रत्येक दृश्याच्या शेवटी एकच प्रश्न विचारा : इथे माणसाच्या हातून कोणता आधार गेला? दहा-बारा ओळींत एकदा तरी उत्तर मिळते, आणि मागचे उत्तर पुढच्या दृश्यात गृहीत धरलेले असते. दुसऱ्या वाचनात उपदेशाच्या ओळी गाळून पाहा. काव्य वेगवान होईल, आगीचे चित्र अधिक भव्य वाटेल. पण ते कोणाला उद्देशून आहे हे कळेनासे होईल, आणि न्याय करणाऱ्यालाच आरोपी म्हणून उभे करण्याची या कवीची सगळ्यात मोठी करामत हातची जाईल.